हाडकांचा कप

हाडकं गोळा करायला माणूस पाहिजे होता. त्यांना मी सापडलो.

मी गिरणी कामगार. इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत डॉफर म्हणून लागलो, आता रिंग फ्रेम सांभाळतो. वय सव्वीस. शाळा दहावीत सुटली. पुढचं शिक्षण तिसऱ्या पाळीत झालं, बॉबिन भरेपर्यंतच्या वेळात, वाचनालयाच्या पुस्तकांवर आणि रद्दीवर. कविता करतो. कविता करणारा कामगार म्हणजे काही लोकांना कौतुकाची चीज वाटते. मेळ्यात दोन डोक्यांचं वासरू बघावं तसं बघतात आणि जाताना पाठ थोपटतात.

अशीच पाठ थोपटून एका मातीकाम शिकलेल्या बाईंनी मला कोल्हापुरात बैठकीला बोलावलं. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगतो. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर बैठक. तिघं होते. एक त्या बाई. दुसरे कपबश्या बनवणाऱ्या कारखान्याचे साहेब. तिसरे हॉटेलचे मालक, ज्यांच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी लोक लांबून गाड्या घेऊन येतात. योजना अशी होती, की हॉटेलात रोज जो कचरा निघतो, त्यातली हाडं आणि अंड्याची टरफलं घ्यायची, त्यांची भांडी करायची, आणि त्याच भांड्यांत गिऱ्हाइकाला जेवायला वाढायचं. कला बाईंची, भट्टी कारखान्याची, कचरा हॉटेलचा.

बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात पोकँटिको हिल्स नावाचं गाव आहे. तिथं एका शेतावरच्या दगडी गोठ्यांत 2004 पासून ब्लू हिल ॲट स्टोन बार्न्स नावाचं हॉटेल चालतं. डॅन बार्बर हा तिथला मुख्य आचारी. ग्रेग मूर हा मातीकामाचा प्राध्यापक. या दोघांनी मिळून, हॉटेलात ज्या गाईंचं मांस शिजतं त्यांचीच हाडं घेतली, भाजून राख केली, त्या राखेचे पांढरेशुभ्र कप आणि ताटल्या केल्या, आणि त्याच टेबलावर मांडल्या. पडद्यावर एक कप उजेडात धरलेला होता. पलीकडची बोटं दिसत होती. इतका पातळ.

मी बघतच राहिलो. खोटं कशाला बोलू? चीज सुंदर होती.

मग हॉटेलचे मालक माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "तुम्ही यात पाहिजेच. हाडं कशी निवडायची, कशी साफ करायची, तुमच्या लोकांना त्याची माहिती असेलच."

त्यांनी हे वाईट मनानं म्हटलं नसावं. म्हणूनच ते जास्त लागलं. शिवी दिली असती तर मी उलट शिवी दिली असती. त्यांनी मान दिल्यासारखं बोलून मला सरळ हाडकीत नेऊन उभं केलं. समोर च्या आला होता. कप बोन चायनाचाच होता. मला तो उचलवेना.

आणखी एक गोष्ट मालकांना ठाऊक नव्हती. आमच्या गावात त्यांची जी खानावळ आहे, तिच्या मागच्या मोरीवर माझी आई भांडी घासते. अकरा वर्षं झाली.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कचऱ्याचं मला इचार. त्यास्नी काय ठावं?"

मग तिनं सांगितलं. ताटातलं खरकटं एका पिंपात, ते डुकरंवाले नेतात. अंड्याची टरफलं, कांद्याची सालं, चहाचा चोथा घंटागाडीत. हाडकं पिशवीत बांधून मागच्या गटारापाशी, ती कुत्री फाडतात आणि सकाळी ती परत आईनंच गोळा करायची. "नळीचं हाडूक बोटात घुसतंय," ती म्हणाली, आणि उजव्या हाताचा अंगठा दाखवला. जुना व्रण होता. मी अकरा वर्षांत तो बघितला नव्हता. कविता मात्र आईवर चार लिहिल्या होत्या.

आईनं आजवर त्या खानावळीतलं उष्टं घरात आणलेलं नाही. मालक देतो म्हणाले तरी नाही. तिची सासू, म्हणजे माझी आज्जी, पाटलाच्या वाड्यामागं शिळ्या भाकरीसाठी उभी राहायची. ते आईनं ऐकलेलं आहे. तेवढं तिला पुरेसं आहे.

आज्जा वाकळेवर पडून ऐकत होता. वय पंच्याऐंशीच्या पुढं. एकदम उठून बसला. म्हणाला, "हाडकाची भांडी? आन् त्यात जेवायचं? कोन?"

"मोठी माणसं," मी म्हणालो.

आज्जा बराच वेळ गप्प बसला. मग बोलायला लागला.

दोस्तहो, हाडकी म्हणजे काय हे आपल्या पोरांना आता सांगावं लागतं. गावाबाहेर मेलेली ढोरं फाडायची जागा ती हाडकी. आणि महारांना गावकीच्या बदल्यात जो जमिनीचा तुकडा असायचा, त्याचं नावच हाडकी-हाडोळा. हाडाच्या नावानं जमीन, आणि जमिनीच्या नावानं पिढ्यान्‌पिढ्या वेठ. मेलेलं ढोर ओढणं हे आपलं काम, मांस आपलं पोट. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की हे सोडा, मेलेलं ढोर ओढू नका, त्याचं मांस खाऊ नका. 1956 ला धम्म घेतला तेव्हा आज्जा मिसरूड फुटलेला पोरगा होता. आमच्या वाड्यानं ढोरं ओढणं बंद केलं. गावानं बहिष्कार घातला, दळण बंद, किराणा बंद. तरी ओढली नाहीत. 1958 च्या कायद्यानं वतनंही गेली. हे सगळं मी आज्जाकडून अनेकदा ऐकलेलं. छाती फुगवून सांगायचा.

त्या रात्री त्यानं जे सांगितलं, ते आधी कधीच सांगितलं नव्हतं.

"भात्तरच्या दुष्काळात," आज्जा म्हणाला, म्हणजे 1972 चा, "गुरं पटापटा मेली. माळावर हाडकंच हाडकं. घरात तीन पोरं, दान्याचा कन न्हाई. खडी फोडायचं काम लागाय येळ लागला. हाडकाचा व्यापारी गाडी घिऊन यायचा, वजनावर पैसं द्यायचा. मी रातीचं जायाचो. एकलाच. पोतं भरायचो आन् पहाटं गावाभाईर गाडीत टाकायचो. तुझ्या आज्जीलाबी सांगितलं न्हाई. बाबासायबाच्या फोटूकडं बघवत नव्हतं. येक म्हैनाभर क्येलं. तुझा बा त्यावर जगला."

आई चुलीपुढून उठली आणि आज्जाजवळ येऊन बसली. कुणी काही बोललं नाही. पन्नास वर्षं त्या माणसानं एक महिन्याची हाडकं पाठीवर वाहिली होती.

त्या रात्रीनंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचलं. राग आला की मी वाचतो. दुसरं हत्यार माझ्याकडं नाही.

बोन चायना हा शब्द आपण लग्नाच्या आहेराच्या खोक्यावर वाचतो आणि चीनचा माल समजतो. ती इंग्लंडची आहे. चिनी लोकांसारखी पातळ पांढरी भांडी जमत नव्हती म्हणून इंग्रजांनी मातीत हाडाची राख मिसळून बघितली. अठराव्या शतकाच्या मध्याला लंडनजवळ बो इथल्या कारखान्यात हा प्रयोग झाला. पुढं त्या शतकाच्या अखेरीस स्टोकच्या जोसाया स्पोड बापलेकांनी त्याचं प्रमाण बसवलं. साधारण निम्मी हाडाची राख, पाव हिस्सा चिनी माती, पाव हिस्सा फेल्डस्पार जातीचा दगड. म्हणजे कपाचं निम्मं अंग हाड. गाईबैलाचं हाड चांगलं, कारण त्यात लोहाचा अंश कमी आणि रंग पांढरा येतो. स्टोकची भांडी राजेरजवाड्यांच्या टेबलावर गेली. ती बनवणाऱ्या कामगारांच्या छातीत दगडाची धूळ बसली. त्या गावात या रोगाला कुंभाराचा रोगच म्हणायचे.

धुळीचं मला सांगायला नको. आमच्या गिरणीत कापसाचा कणही वाया घालवत नाहीत. ब्लो रूमचा वेस्ट वेगळा, कार्डिंगचा वेगळा. त्याचं वजन होतं, वहीत नोंद होते. तो वेस्ट पुन्हा ओपन एण्डला जातो, त्यातून जाड सूत निघतं, त्याच्या सतरंज्या आणि टॉवेल होतात. वेस्टचा हिशोब किलोवर आहे. जो वेस्ट आमच्या छातीत जातो त्याचा हिशोब कुठल्या वहीत नाही.

बाईंनी बैठकीत आणखी एक चित्र दाखवलं होतं. अमेरिकेतच विस्कॉन्सिनमध्ये कोहलर नावाचा कारखाना आहे, बेसिनं आणि संडासाची भांडी बनवणारा. 1974 पासून तिथं कलावंतांना कारखान्यात बोलावतात. कामगारांच्या शेजारी उभं राहून, कारखान्याची माती आणि भट्टी वापरून ते आपली शिल्पं करतात. कला आणि उद्योग यांचं लग्न, असं बाई म्हणाल्या. मी शोधलं तेव्हा कळलं की त्याच कारखान्यात 1954 साली कामगारांचा संप सुरू झाला आणि तो सहा वर्षं चालला. सहा वर्षं! आपल्या मुंबईचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, अडीच लाख कामगार उतरले, आणि त्याची जखम गिरणगावात अजून वाहते. कलावंत कारखान्यात गेला, चांगलं झालं. पण तिथं आधीपासून कुणीतरी उभं होतं. लग्नाच्या पत्रिकेत त्याचं नाव बघितलं तर दिसत नाही.

आणि आपला देश तर आणखी न्यारा. 2015 पासून महाराष्ट्रात बैल कापायलाही बंदी आहे. 2016 च्या जुलैमध्ये गुजरातेत उना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं. नंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरं कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली आणि म्हणाले, घ्या, तुमची आई आहे, तुम्हीच उचला. ज्या हातानं हाड उचललं तो हात विटाळाचा. तेच हाड भट्टीतून निघून दिवाणखान्यात आलं की शोभेचं. विटाळ भट्टीत जळतो असं म्हणावं, तर हात का जळत नाही त्यातून? गावच्या हॉटेलात आपला कप वेगळा होता, बाहेर खुंटीला टांगलेला, आपणच धुऊन ठेवायचा. आज्जानं त्यात च्या प्यायला आहे. कदाचित वळचणीच्या त्या कपात हाड नव्हतं, आणि आतल्या कपात होतं.

मी ठरवलं, नाही म्हणायचं. आईला तसं सांगितलं.

आई म्हणाली, "न्हाई म्हनून काय हुईल? हाडकं तर मीच भरनार हाय. आदी गटारापाशी भरत हुते, आता पेटीत भरीन. तू जा आन् नीट बोल."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझा नकार म्हणजे माझं मन स्वच्छ राहणार, आणि आईचा अंगठा तसाच फाटणार. कवीला नकार स्वस्त पडतो.

मी दुसऱ्या बैठकीला गेलो. कागदावर चार गोष्टी लिहून नेल्या. मोरीवरच्या बायकांना हाडं निवडायचे वेगळे पैसे आणि जाड हातमोजे. राख दळणाऱ्या माणसाला तोंडाला चांगला मास्क, फडकं नव्हे. ज्याच्याकडून हाडाची माहिती घेतली त्याला सल्ल्याचं मानधन, कारण प्राध्यापकाला देतात. आणि भांड्याच्या बुडाला जिथं शिक्का मारतात तिथं ज्यांचे हात लागले त्यांची नावं.

बाईंनी कागद दोनदा वाचला. चौथ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." कारखान्याचे साहेब म्हणाले की शिक्का ब्रँडचा असतो, साच्यातच असतो, त्यात बदल अवघड. मालक म्हणाले, बघू. मी जाताना त्यांना सांगितलं की मोरीवर माझी आई आहे. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी खानावळीच्या मुकादमानं आईला विचारलं, "त्ये पोरगं तुझंच का?" आई म्हणाली, "माझंच." बस, एवढंच. पण त्यानंतर महिनाभर आईला रोज वाटायचं की आज घरी बसवतील.

तोवर बाईंनी आपल्या अंगणातल्या भट्टीत नमुना करून बघायचं ठरवलं. आईनं आठवडाभर हाडं वेगळी काढली. गाईबैलाची अर्थात नाहीतच, बकऱ्याची. कोंबडीची बारीक हाडं बाजूला. आज्जा म्हणाला, मी येतो. टोपी घालून, काठी घेऊन आला. बाईंनी त्याला खुर्ची दिली. तो खुर्चीवर बसला नाही, हाडांच्या ढिगापाशी उकिडवा बसला. एकेक हाड उचलून दुसऱ्यावर आपटून कानाशी नेई. "ह्ये वलं हाय. ह्ये वाळलंय, आवाज बग." बाईंनी हाडं एकदाच उकळली होती. आज्जा म्हणाला, "बाय, आजून उकळ. तेल हाय आत. व्यापारी वलं हाडूक घेतच नव्हता, वजन खोटं लागतंय म्हनून." पुन्हा उकळली, उन्हात वाळवली. हजार अंशाच्या आसपास भाजली. भट्टी उघडल्यावर बाई खूश झाल्या, वरून सगळी पांढरी होती. आज्जानं एक जाड नळी घेऊन दगडावर फोडली. आत काळी रेघ. "कच्चं हाय," म्हणाला. पुन्हा भाजली. मग खडूसारखी झाली, बोटानं चुरगळावी अशी. वाळलेल्या हाडाची साधारण दोन तृतीयांश राख उरते. ती पाण्यात दळली, धुतली, गाळली. चिनी माती आणि दगडाची पूड मिसळली. हे मिश्रण चाकावर नीट वळत नाही, म्हणून पातळ करून प्लास्टरच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी पितं, कडेला कवच धरतं, उरलेलं ओतून टाकायचं. आठ कप निघाले. अंड्याची टरफलं दळून त्यांचा चुना वरच्या काचेसाठी, म्हणजे ग्लेझसाठी वापरला.

कच्चे कप फळीवर मांडलेले होते तेव्हा बाईंनी आईच्या हातात एक सुई दिली. म्हणाल्या, "बुडाला नाव लिहा." आई शाळेत गेलेली नाही. प्रौढ वर्गात सही करायला शिकली, तेवढंच लिहिता येतं. तिनं पदराला हात पुसला, कप उलटा धरला आणि श्वास रोखून आपलं नाव कोरलं. एका अक्षराचा काना विसरली, मग मागाहून घातला. आज्जाचं नाव मी लिहिलं. त्यानं सांगितलं, "नुसतं नाव लिव. फुडं जात-बित काय नगं."

बाराशे पन्नास अंशाला भट्टी लागली. हाडाची माती आचेला फार नाजूक, थोडी आच वाढली की कप वाकतो. आठातले पाच बसले, वेडेवाकडे झाले. तीन उभे राहिले. रंग दुधासारखा नाही, थोडा सायीवर. एक बाईंनी ठेवला, एक कारखान्याच्या साहेबांना दाखवायला गेला, एक मी मागून घेतला. आईचं नाव असलेला.

भाजल्यावर भांडं आकसतं. अक्षरंही आकसली. पण वाचता येतात.

आज्जानं कप दारात उजेडाला धरला. त्याची बोटं पलीकडून दिसली, काळी, वाकडी. मी वाट बघत होतो की तो काहीतरी बोलेल आणि माझी कविता होईल. तो म्हणाला, "च्या टाक." आईनं च्या केला. त्यानं त्या कपातून प्याला, सगळा. मग कप स्वतःच धुवायला उठला. जुनी सवय. आईनं त्याच्या हातातून कप काढून घेतला आणि आपल्या भांड्यांत ठेवला.

आता कारखान्यात मोठा घाणा काढायचा म्हणतात. हातमोजे आले. निवडायचे पैसे तोंडी कबूल झाले, कागदावर नाहीत. आज्जाच्या मानधनाचं अजून ठरलं नाही. मास्कचा विषय साहेब टाळतात. नावांचं ते म्हणतात की हजारो कपांवर नावं घालणं धंद्याला परवडत नाही. मी म्हणतो, ब्रँडचा शिक्का साच्यात बसतो तर नावंही बसतील, साचा एकदाच करायचा असतो. पुढच्या महिन्यात बैठक आहे. तिसरी पाळी करून मी तसाच जाणार आहे. या वेळी आई रजा टाकून येते म्हणाली. खाडा पडेल, पडू दे म्हणाली. कप ती पदरात बांधून आणणार आहे.

जयभीम.